नगरच्या बांधावरचे मुंगूस

मैत्रिणींनो, नगर जिल्ह्यात तुमच्यापैकी बहुतेकजणी कधी ना कधी जाऊन आलेल्या असणार. कुणी शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला, कुणी शनिशिंगणापूरला, कुणी अष्टविनायकांच्या यात्रेत सिद्धटेकला. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यातलं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी इथल्याच जामखेड तालुक्यातलं, तेव्हा नाव शोभूनच दिसतं. पण माणसांच्या तोंडातलं ‘नगर’ काही एवढ्यात जायचं नाही, म्हणून मीही इथे नगरच म्हणते.

देवदर्शनाच्या बसमध्ये आपण काय करतो? पहिला तासभर गप्पा, मग डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि मग डुलकी. खिडकीबाहेर बघायचं राहूनच जातं. पुढच्या खेपेला एवढं करा. सकाळची गाडी धरा, खिडकीजवळची जागा पटकवा, आणि शेतांच्या बांधांवर नजर ठेवा. घायपाताच्या नाहीतर बोरीच्या आडून एखादी लांबोडकी करडी आकृती निघेल, जमिनीला पोट लावल्यासारखी झरझर रस्ता ओलांडील आणि पलीकडच्या दगडांत दिसेनाशी होईल. ते मुंगूस. गाडीतल्या एखाद्या आजीबाई लगेच हात जोडतील आणि “चांगला शकुन झाला गं” म्हणतील.

मुंगसाचं दर्शन शुभ, ही आपल्याकडची जुनी समजूत. लहानपणी मुंगूस दिसलं की आपण त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत होतो, आठवतं ना? आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते खरंच थांबून मागे वळून बघत असे! त्यात शपथेचा भाग किती आणि त्याच्या स्वतःच्या चौकसपणाचा किती, ते तुम्हीच ठरवा. या शकुनाच्या पाहुण्याची आज जरा नीट ओळख करून घेऊ या. कारण त्याचा संबंध नुसता बांधाशी नाही. तो आपल्या घरातल्या एका कपाटापर्यंत येऊन पोचलेला आहे. कसा, ते पुढे सांगतेच.

मुंगूस हे काही मोठं जनावर नव्हे. धड साधारण हातभर, म्हणजे ३६ ते ४५ सेंटिमीटर, आणि शेपूटही जवळजवळ तेवढीच लांब. वजन किलो-दीड किलो, एखाद्या कोबीच्या चांगल्या गड्ड्याएवढं. तोंड निमुळतं, कान आखूड आणि गोलसर, पाय बुटके. नखं चांगली लांब असतात, पण मांजरासारखी ती आत ओढून घेता येत नाहीत. बिळं उकरायला आणि दगड उलटायला ती नेहमी बाहेरच.

रंग नुसता करडा म्हटलं तर पुरं होत नाही. विणकाम करणाऱ्या जणींना चटकन कळेल असं सांगते. काळपट आणि फिकट असे दोन रंग एकाच धाग्यात मिसळलेली लोकर मिळते ना? तिचा स्वेटर लांबून एकरंगी करडा दिसतो, आणि हातात घेतला की दोन्ही रंग वेगवेगळे उठून दिसतात. मुंगसाची लव अगदी तशीच. त्याच्या एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून असतात. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आपल्या शेतशिवारातल्या या मुंगसाच्या शेपटीचं टोक काळं नसतं. डोंगराळ जंगलात कधी तांबूस अंगाचं, काळ्या टोकाची शेपटी जरा वर वळवून चालणारं मुंगूस दिसलं, तर ते त्याचं रानातलं भावंड समजावं.

मुलांच्या इंग्रजी गोष्टींत ‘वीझल’ नावाचं एक लांबट, चपळ जनावर येतं. “आई, हे म्हणजे मुंगूसच का गं?” असा प्रश्न घरोघरी होत असेल. चेहरामोहरा थोडा सारखा आहे खरा, पण नातं लांबचं. वीझल आपल्या देशात हिमालयाच्या थंड भागात राहतं आणि त्याचं कूळ पाणमांजराचं. मुंगसाचं कूळ निराळं. दिसायला पटणार नाही, पण प्राणिशास्त्र त्याला मांजर आणि तरस यांच्या बाजूला बसवतं. आणि मुलांना हेही जरूर सांगा की इंग्रजीत मुंगसाला जो ‘मंगूस’ शब्द आहे, तो मूळ आपल्या मराठीतून तिकडे गेलेला आहे. परक्या भाषेतले शब्द आपण रोजच वापरतो. आपल्या बांधावरचा एक शब्द जगभर फिरतो आहे, याचंही थोडं कौतुक असू द्यावं.

आता त्याच्या मुक्कामाकडे वळू. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर, भंडारदऱ्याचं धरण आणि धो धो पाऊस. उत्तरेला गोदावरी-प्रवरेच्या आसपास उसाचे मळे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला तो प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तो याच भागात. आणि दक्षिणेला, पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. बाभळी, बोरी, तरवड, मुरमाड माळ आणि वाळलेलं गवत. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी इथल्या म्हाताऱ्या अजून सांगतात.

मुंगसाला गर्द जंगल नको असतं. त्याला हवी असते ती कड. शेताची कड, ओढ्याची कड, गावाची कड. दगडी ताल घातलेला बांध, काट्यांचं कुंपण, जुनं वारूळ, पडक्या विहिरीची कपार, कडब्याची गंजी, या सगळ्या त्याच्या जागा. गावात तर पडक्या वाड्यात नाहीतर मोरीच्या नळातसुद्धा ते बिऱ्हाड थाटतं. म्हणून नगरसारखा बांधांचा आणि माळांचा जिल्हा त्याला चांगला मानवतो.

त्याला निवांत बघायचं तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं अभयारण्य चांगलं. १९८० साली काळविटांसाठी ते राखलं गेलं. आकार केवढा म्हणाल, तर अवघा २.१७ चौरस किलोमीटर. लोक तिथे काळवीट पाहायला जातात आणि पाहावेतच. ती वळणावळणाची शिंगं आणि त्या उड्या पाहून मुलं हरखून जातात. पण काळविटांकडे लांब बघताना जवळच्या गवताकडेही लक्ष असू द्या. मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर आहे. सकाळी ऊन कोवळं असताना आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ते बाहेर पडतं. भर दुपारी सावलीत नाहीतर बिळात पडून राहतं. बडबड न करता दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं, तर ते मागच्या दोन पायांवर उभं राहून आपल्याकडे टकमक बघतं. जणू दारात कोण आलंय ते खिडकीतून बघणारी शेजारीणच!

ते बहुधा एकटंच असतं. दोन-तीन मुंगसं मागोमाग चाललेली दिसली, तर ती आई आणि पिल्लं समजावीत. सुमारे दोन महिने पोटात वाढवून मादी बिळात दोन ते चार पिल्लं घालते. पिल्लं थोडी मोठी झाली की आईच्या शेपटीशी नाक लावून चालतात. शाळेच्या सहलीत बाई पुढे आणि मुलं रांगेत मागे, तसा तो थाट.

आणि ते खातं काय? आपण म्हणतो, साप. खातं, पण ते त्याचं रोजचं जेवण नव्हे. रोजच्या ताटात उंदीर, सरडे, टोळ, नाकतोडे, भुंगे, विंचू. सापडलीच तर पाखरांची अंडी. अंडं पुढच्या दोन पायांत धरून निमुळत्या बाजूला भोक पाडायचं आणि आतलं चाटून घ्यायचं, ही त्याची रीत. कधी फळं आणि कंदमुळंही चालतात. ज्वारी-बाजरीच्या आणि उसाच्या शेतात उंदीर किती नासधूस करतात हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगायला नको.

रेहेकुरीच्या वाटेवर एका वस्तीवर पाणी प्यायला थांबले होते. अंगणात कोंबड्या होत्या. मी त्या घरच्या बाईंना विचारलं, “मुंगूस त्रास देत नाही का हो?” त्या हसून म्हणाल्या, “नेतं की ताई, कवाबवा एखादं पिल्लू. पण कणगीतली उंदरं बी तेच खातं ना! खुराड्याला जाळी मारली, झालं.” इतका सरळ हिशेब मी पुस्तकातही वाचला नव्हता. तुमच्याकडे कोंबड्या असतील तर त्यांचा सल्ला घ्या. बारीक जाळी लावा, जाळीचा खालचा भाग वीतभर जमिनीत पुरा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत कोंबड्या कोंडा. मुंगसाशी भांडण तिथेच संपतं.

सापाच्या लढाईबद्दल मात्र गैरसमज फार. लढून झाल्यावर मुंगूस रानात जाऊन कसलीशी मुळी खातं आणि विष उतरवतं, असं आपण ऐकत आलो. तसं काही नाही. त्याची खरी ढाल म्हणजे चपळपणा. ते नागाला पुन्हा पुन्हा वार करायला लावतं, दमवतं आणि मग डोकं धरतं. अंगावरचे राठ केस फुलवलेले असतात, त्यामुळे सापाचा दात पुष्कळदा नुसत्या केसांतच जातो. तिसरी गोष्ट त्याच्या शरीरातच आहे. नागाचं विष आपल्या स्नायूंत जिथे मज्जातंतूंचा निरोप पोचतो त्या जागी जाऊन बसतं, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. मग निरोप थांबतो आणि श्वासही थांबतो. मुंगसाच्या जातीत त्या कुलपाची घडणच जरा निराळी आहे, म्हणून ती किल्ली तिथे नीट बसत नाही. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली हे दाखवून दिलं. तरी पण मुंगूस काही अमर नाही. भरपूर विष गेलं तर तेही दगावतं.

यातून आपण घ्यायचा धडा एवढाच, की मुळ्या आणि मंत्र यांच्या नादी लागू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काहीही चावलं असो, त्या माणसाला धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नये, आणि तडक दवाखान्यात न्यावं. तिथे मिळणाऱ्या लशीत या चारही सापांच्या विषावरचा उतारा असतो. घराजवळ मुंगूस आहे म्हणून साप येणारच नाही, असंही धरून चालू नये.

उंदरांवर असा हक्काचा शिपाई आहे म्हटल्यावर माणसाने त्याला भलतीकडेही नेऊन पाहिलं. १८७२ साली कलकत्त्याहून मुंगसाची एक लहान जात वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर नेली, उसातले उंदीर मारायला. तिथून पुढे १८८३ मध्ये हवाई बेटांवर. पण उंदीर हिंडतात मुख्यतः रात्री आणि मुंगूस दिवसा! उंदीर राहिले बाजूला, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या तिथल्या पाखरांवर संक्रांत आली. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ साली विषारी सापांसाठी मुंगसं सोडली. तिथल्या दुर्मीळ सशांनाच ती खाऊ लागली. मग ती हटवायला वर्षानुवर्षं खपावं लागलं, आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याचं २०२४ साली जाहीर झालं.

मग आपल्याकडे तसं का होत नाही? कारण आपल्या शिवारात ते एकटं नाही. दिवसपाळी मुंगसाची, तर रात्रपाळी घुबडाची आणि कोल्ह्या-खोकडांची. बिळात शिरायला धामण आहेच. इथली पाखरंही पिढ्यान् पिढ्या मुंगसाला ओळखून आहेत. ज्याचं काम ज्या घरात, ते त्याच घरात शोभतं. नगरच्या बांधावर मुंगूस आपल्या घरी आहे, म्हणून ते तिथे उपकारक.

आणि आता त्या कपाटाची गोष्ट. त्याआधी पंचतंत्रातली ब्राह्मणी आठवा. तिने मुंगूस पोटच्या पोरासारखं पाळलं होतं. ती पाणी आणायला गेली असताना पाळण्याजवळ साप आला, आणि मुंगसाने त्याचे तुकडे केले. रक्ताळलेल्या तोंडाने ते तिला आनंदाने सामोरं आलं. तिला वाटलं, यानेच बाळाला खाल्लं. डोक्यावरची घागर तिने त्याच्यावर टाकली. आत जाऊन बघते तो बाळ सुखरूप! ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि वर बोध सांगतो, की न कळता काही करू नये.

मुलांच्या कपाटात रंगपेटी असते, तिच्यात ब्रश असतात. त्या ब्रशांतले काही मुंगसाच्या केसांचे असतात, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मुंगसाचे केस ताठ असूनही लवचीक असतात, रंग चांगला धरतात, टोक मोडत नाही. म्हणून चित्रकलेच्या ब्रशांसाठी त्यांना मागणी. पण हे केस काही मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेत नाहीत. फासे आणि जाळी लावून मुंगूस धरतात आणि मारतात. एका जनावराचे केस निघतात मूठभर. एक किलो केस जमवायला सुमारे ५० मुंगसं मारावी लागतात. पन्नास! रेहेकुरीच्या वाटेवर एक दिसलं तरी आपण शकुन मानतो.

हे सगळं बेकायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिलेलं आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं, त्याच्या केसांचा नाहीतर ब्रशांचा व्यापार करणं, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तुरुंगवासाची. गारुड्याने दोरीला बांधून मुंगूस आणि सापाची झुंज लावणं हाही खेळ नव्हे, गुन्हाच. २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने एकाच वेळी अनेक राज्यांत ब्रशवाल्यांवर छापे घातले. त्यांत आपला महाराष्ट्रही होता. त्या मोहिमेचं नावच ‘क्लीन आर्ट’, म्हणजे स्वच्छ कला, असं होतं.

छापे सरकार घालील. पण गिऱ्हाईक कोण? शाळा सुरू होताना वह्या, पेन्सिली, रंग, ब्रश यांची यादी घेऊन दुकानात कोण जातं? आपणच. तेव्हा तो लोकरीचा दाखला आता आठवा. ब्रश हातात घेऊन उजेडात धरा. केसांची टोकं गडद, मधला भाग साईसारखा फिकट आणि बुंध्याकडे पुन्हा गडद, असं दिसलं तर तो मुंगसाचा समजा आणि परत ठेवा. दुकानदाराला सांगा, “नायलॉनचा द्या.” नायलॉनचे चांगले ब्रश सगळीकडे मिळतात आणि शाळेतल्या चित्रांना ते पुरेसे होतात. ते टिकवायचे कसे? काम झाल्याबरोबर गार पाण्यात धुवायचे, थोडा अंगाचा साबण लावून रंग काढायचा, टोक बोटांनी नीट करायचं आणि केस वर करून पेल्यात उभे ठेवायचे. पाण्यात बुडवून ठेवले की टोक वाकतं, मग मुलं नव्याचा हट्ट धरतात.

आणखी दोन गोष्टी. माहेरी-सासरी शेती असेल, तर बांध अगदी लोटून झाडून साफ करायचा आग्रह धरू नका. थोडी बोरी-बाभळी आणि दगडांचा ढीग असू द्या. तिथेच मुंगसाचं घर असतं. आणि पिल्लू सापडलं तरी मुलांच्या हौसेखातर घरी आणू नका. आई जवळपासच असते. मुंगूस चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन पिसाळीच्या लशीबद्दल विचारा. यात चालढकल नको.

महाभारतातही एक मुंगूस आहे. युधिष्ठिराचा एवढा थोरला अश्वमेध झाला, सगळे वाहवा करू लागले, आणि अर्धं अंग सोन्याचं झालेलं एक मुंगूस पुढे येऊन म्हणालं, या यज्ञाला त्या मूठभर सातूच्या पिठाची सर नाही. दुष्काळात एका गरीब ब्राह्मणाच्या कुटुंबाने आपल्या तोंडचं पीठ पाहुण्याला दिलं होतं. त्या सांडलेल्या पिठात लोळून त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालं होतं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते जागोजागी लोळत हिंडत होतं, आणि ते काही होत नव्हतं.

आपल्याकडून काही अश्वमेध व्हायचा नाही. पण जूनमध्ये दुकानाच्या फळीसमोर उभं राहून, पाच-दहा रुपयांचा ब्रश उलटासुलटा करून बघणं आपल्याला सहज जमेल. आणि पुढच्या शिर्डीच्या नाहीतर सिद्धटेकच्या फेरीत पुऱ्यांचा डबा जरा उशिरा उघडा. सकाळी आठ-नऊपर्यंत ते बांधावर असतं.